आमच्याकडची सातम

आमच्या घरी दोडका दोनदा जेवायला यायचा. पहिल्या दिवशी भाजी होऊन, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खरवडून ठेवलेल्या शिरा तिळाबरोबर, सुक्या खोबऱ्याबरोबर खरपूस परतल्या जाऊन, चटणी म्हणून. मटारचे दाणे उसळीत जायचे आणि सालींची, आतला पातळ पापुद्रा सोलून काढून, बटाटा घालून भाजी व्हायची. तो पापुद्रा सोलायचं काम माझ्याकडे होतं, आणि ज्यांनी ते कधी केलेलं नाही त्यांनी मला चिकाटीबद्दल काही सांगायला येऊ नये. कलिंगडाचा लाल गर आम्ही खाल्ला की उरलेला पांढरा भाग किसून त्याची थालीपीठं लागायची. फणसाच्या आठळ्या सुकवून ठेवलेल्या असायच्या, त्या पावसाळ्यात कशातही निघायच्या. कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, दूध नासलं तर त्याच्या वड्या, लोणचं संपलं की बरणीच्या तळाचा खार थालीपिठाच्या पिठात आणि मिक्सरचं भांडं विसळलेलं पाणी आमटीत. कचरा न्यायला येणारी बाई आमच्या दाराशी आली की डबा हलवून बघायची आणि दर खेपेला विचारायची, "काय वो, बाहेरगावी गेल्ता काय?"

हा सगळा कारभार माझ्या आत्याचा. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत एकटी झाली आणि मालवणकडचं गाव सोडून आमच्याकडे घाटकोपरला आली, ती मी जन्मायच्या आधीच. आई टेलिफोन खात्यात, शिफ्टची नोकरी, कधी पहाटे बाहेर तर कधी दुपारी. बाबा गोदीत कारकून. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांतलं स्वयंपाकघर पहिल्यापासून आत्याचं. आई तिथे पाहुण्यासारखी यायची, चहा घ्यायची आणि निघायची. तिला त्याचं वाईट वगैरे काही वाटत नव्हतं बरं का. "माझ्या नशिबात नणंद आली ती स्वयंपाकीण होऊन आली," असं ती ऑफिसातल्या बायकांना मिटक्या मारत सांगायची. बाबा आत्याला 'बाय' म्हणायचे, आणि आत्या त्यांना 'बाबल्या'. त्यांचे साहेब घरी चहाला आले होते तेव्हासुद्धा 'बाबल्या'च. साहेबांनी कपाकडे बघत हसू दाबलं होतं.

आत्याच्या हातून भाजीला मरण नव्हतं. सोमवारची बटाट्याची भाजी मंगळवारी वड्यात जायची, वडे उरले तर बुधवारी आमटीत सोडले जायचे, आणि त्यातलं पीठ विरघळून आमटी दाट झाली की गुरुवारी तीच आमटी घालून कणीक भिजवली जायची. एकदा बाबांनी पुरीचा तुकडा मोडला, उजेडात धरला आणि म्हणाले, "बाय, हिला मी ओळखतो गं. सोमवारी आमची भेट झाली होती." आत्या तव्यावरून मान न वळवता म्हणाली, "मग ओळखीच्या माणसाक नाय म्हणू नये. खा." आणि खरं सांगायचं तर पुऱ्या उत्तम होत्या. आत्याचा हात असा की शिळं कुठलं आणि ताजं कुठलं हे जिभेला कळायचं नाही. शिळं अन्न आमच्या पानात यायच्या आधी आंघोळ करून, कपडे बदलून यायचं.

ज्याला कपडे बदलता यायचे नाहीत, म्हणजे परवाची कडक पोळी, तळाला लागलेला भात, चमचाभर उरलेली कालची भाजी, त्याचं काय व्हायचं हे मी कधी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. आत्या सगळ्यांच्या मागनं जेवायची. ओट्याखाली पाट मांडून, भिंतीकडे तोंड करून. असं का बसतेस म्हटलं तर म्हणायची, "पंख्याचो वारो लागता." आमच्या स्वयंपाकघरात पंखा नव्हता. पण ते लक्षात यायला तिथे कुणी दोन मिनिटं थांबायला हवं ना! आम्ही जेवून हात धुऊन रेडिओपाशी गेलेलो असायचो.

परवा आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ओल्या कचऱ्यावर सभा झाली. एक चुणचुणीत मुलगी माइक घेऊन सगळ्यांना सांगत होती की भाज्यांच्या सालींची चटणी करता येते. टाळ्या पडल्या हो! अध्यक्षांच्या बायकोनं मोबाइलमध्ये कृती टाइप करून घेतली. मी मागच्या खुर्चीत बसून हसत होते, तर शेजारच्या बाईंना वाटलं मला ऐकू येत नाही. त्यांनी सगळं मोठ्यानं परत सांगितलं.

तर दादाचं, म्हणजे माझ्या भावाचं, लग्न झालं आणि घरात दोन नव्या गोष्टी आल्या. एक फ्रिज आणि एक वहिनी. फ्रिज दादानं हप्त्यावर आणला, तो स्वयंपाकघरात मावेना म्हणून बाहेरच्या खोलीत बाबांच्या खुर्चीशेजारी उभा राहिला, आणि येणारा जाणारा त्याला हात लावून बघायला लागला. आत्यानं पहिल्या दिवशी त्याच्यापुढे हळदकुंकू ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशी वैर धरलं. "ह्याच्यात ठेवलेला डोळ्यांसमोर दिसना नाय," ती म्हणायची. "दिसत नाय म्हणान त्याची लाज वाटत नाय. आठ दिवसांनी बाहेर काढूचा आणि नाक दाबून फेकूचा, ह्याच्यापलीकडे ह्या कपाटाचो उपेग काय?" आता माझ्या फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात एक डबा आहे. त्यात काय आहे ते मला माहीत नाही आणि उघडून बघायची माझी हिंमत होत नाही. आत्याच्या म्हणण्यात तथ्य होतं एवढंच सांगते.

वहिनी चेंबूरची. निर्मला. उंच, सावळी, कमी बोलणारी. एका कंपनीत टायपिस्ट होती, आणि बोटं जशी चालायची तशी जीभ चालत नव्हती. तिची आई तिच्या लग्नाआधीच गेलेली, त्यामुळे तिला घरकामाची सवय होती. आल्या आल्या तिनं संध्याकाळच्या जेवणानंतरचं आवरणं स्वतःकडे घेतलं. आत्या खूश. "माझ्या कमरेक आराम पडलो," असं तिनं शेजारच्या जशुबेनना सांगितलं. जशुबेन म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या गुजराती बाई. त्यांच्याकडचा ढोकळा आणि आमच्याकडची सोलकढी ह्यांची रोज दाराशी अदलाबदल चालायची.

आत्याची खुशी आठवडाभर टिकली. मग एका सकाळी तिनं भाताचं पातेलं उघडलं तर आत काही नाही, घासून लख्ख. कालचा वाटीभर भात उरलेला तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. पोळ्यांच्या डब्यात फडकं फक्त. आत्यानं कचऱ्याचा डबा उघडला आणि तिथे, चहाच्या चोथ्याशेजारी, तिला तिचा भात भेटला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी आत्या कुकरशी बोलायला लागली. वहिनीला ऐकू जाईल अशा बेतानं, कुकरकडे तोंड करून. "आयकलंस काय रे, आता आपल्याकडे मोठी माणसा इलीहत. तेंका कालचो भात चावता." वहिनी शेजारी उभी राहून कांदा चिरत असायची. मान खाली, चेहऱ्यावर रेघ नाही. आणि रात्री पुन्हा डबा भरलेला. आत्यानं मग भात मोजून मापून लावायला सुरुवात केली, इतका की बाबांना दुसऱ्यांदा मागायची चोरी. तरी रोज काहीतरी उरायचं आणि ते वहिनी टाकायची. कचरेवाली बाई चकित झाली. "काय वो, पाव्हणे आले काय?" म्हणाली.

मला विचाराल तर मी आतून वहिनीच्या बाजूची होते. मटारच्या साली सोलण्यातून माझी सुटका होईल अशी मला आशा होती. दादानं एक-दोनदा वहिनीला विचारून बघितलं. ती म्हणाली, "उरलेलं मला बघवत नाही." एवढंच. दादा आत्याकडे जाऊन म्हणाला, "जाऊ दे गं आत्या, तिच्या घरची पद्धत असेल." म्हणजे दोन्हीकडे मान डोलवून मोकळा. पुरुषांना हे फार छान जमतं.

मग डाळिंब्यांचा दिवस आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, वाल भिजवायचे, मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकायचे आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. एक रविवारची सकाळ त्यात जाते. आम्ही सगळे बसलो होतो, बाबासुद्धा, बनियनवर, ताटाभोवती. ओलं खोबरं घालून आत्यानं उसळ केली आणि सगळ्यांनी बोटं चाटली. वाडगाभर उरली. आत्यानं ती स्वतः त्या वैऱ्याच्या, म्हणजे फ्रिजच्या, पोटात ठेवली, वर झाकण, झाकणावर आणखी एक वाटी. सोमवारी सकाळी वाडगा ओट्यावर पालथा होता आणि डाळिंब्या केराच्या डब्यात.

आत्या तिथेच मटकन बसली. ओरडली नाही. मी तिला रागावलेली पुष्कळदा बघितली होती, तेव्हा मला काही वाटायचं नाही. पण ती गप्प बसली आणि मी घाबरले. संध्याकाळी सगळे घरी आल्यावर ती बाबांना म्हणाली, "बाबल्या, गणपतीक मी गावाक जातंय. नानाच्या पोरान कधीपासून बोलावल्यान हा. माझा तिकीट काढ." नाना म्हणजे गावचा त्यांचा चुलतभाऊ.

"जा की," बाबा म्हणाले. "परत कधी?"

"परतीचा नको काढूस."

आईच्या हातातला कप बशीत वाजला. वहिनी आतल्या दारात उभी होती, ती आत निघून गेली. मला तर असं झालं की आत्ताच्या आत्ता आत्याच्या कमरेला मिठी मारावी. आत्याशिवाय आमचं घर ही कल्पनाच मला करता येईना. शाळेतून आल्यावर दार कोण उघडणार? तूप कढवल्यावर पातेल्याच्या तळाची बेरी साखर घालून कोण देणार? मी रडून गोंधळ घातला, "शिरांची चटणी रोज खाईन" असं वचनसुद्धा दिलं. आत्या माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "तुझ्यामुळे नाय गो शुभे. पण अन्न केरात बघूचा माझ्यान नाय होणा. माका ह्या वयात नाय जमूचा."

बाबांनी तिकीट काढलं. गाडी श्रावणातल्या एका दुपारची होती. आई वहिनीशी चार शब्द बोलली, दादा आठ शब्द बोलला. वहिनी डोळे पुसायची आणि रात्री डबा भरायचाच. "हट्टी आहे बाई पोरगी," आई म्हणाली. जाण्याच्या आदल्या दिवशी आत्यानं आमच्या सगळ्यांच्या आवडीचं केलं. काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, अळूची भाजी, खीर. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा अंदाज चुकला, कारण घास कुणाच्या घशाखाली उतरेना. बाबांनी एक वडा अर्धा करून ठेवला. पातेली भरलेली ती भरलेलीच राहिली. त्याच दिवशी भिंतीपलीकडे जशुबेनकडे सकाळपासून तळणीचा आवाज आणि थेपल्यांचा वास. दुसऱ्या दिवशी त्यांची शीतळामातेची सातम होती. त्या दिवशी त्यांच्याकडे चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी केलेलं, गार झालेलं, सगळं घर मिळून खातं. आत्या दर वर्षी त्यांच्या ताटाकडे बघून म्हणायची, "बरा असा तुमचा. सगळ्या घरान मिळान शिळा खाऊचा." संध्याकाळी वहिनी जशुबेनकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. आम्हाला वाटलं, मन मोकळं करायला गेली असेल.

सकाळी मी उठले तर आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिची पिशवी आणि ट्रंक बाहेर तयार होती. पातेली होती तशीच, काठोकाठ. काही टाकलेलं नव्हतं. आणि वहिनी गॅसपुढे स्टुलावर बसली होती, काडेपेटी मुठीत घट्ट धरून.

"चहा," बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले.

"आज चहा नाही बाबा," वहिनी म्हणाली. "आज आपल्याकडे सातम आहे."

बाबा दारात आले. चहाशिवाय त्यांना दोन वाक्यं जोडता येत नसत. "आपल्याकडे? आपण कधीपासून गुजराती झालो?"

वहिनी उठली आणि तिनं बाहेरच्या खोलीत ताटं मांडली. बाबांच्या पानात कालचे वडे, चामड्यासारखे झालेले, आणि गार सांबारं. आईच्या पानात आदल्या सकाळच्या दोन पोळ्या. दादाच्या पानात भात, गोळा झालेला. माझ्या आणि तिच्या स्वतःच्या पानात अळू. एका पानावर मात्र काही वाढलं नव्हतं, आणि ते बाबांच्या शेजारी, पहिलं.

"ह्या काय गो?" आत्या म्हणाली. "पोरांच्या पानात ह्या कसला? आण इकडे, मी खातंय ता. तेंका गरम पोळ्यो घाल." आणि तिनं खरोखर दादाचं ताट उचललं.

वहिनीनं तिचा हात धरला. "बसा आत्या."

"मी मागसून बसतंय."

"मागनं नाही. आज इथे. ह्या पानावर." असं म्हणून ती आत गेली आणि आम्ही काडी ओढल्याचा आवाज ऐकला. जशुबेन गॅलरीतून बघत होत्या, त्या ओरडल्याच. "अगो निमा! आज गॅस नाय पेटवायचा, पाप लागते!" आतून वहिनीचा आवाज आला, "आमच्याकडची सातम वेगळी आहे, जशुबेन!" तिनं रात्रीच कणीक भिजवून आणि डाळ-तांदूळ काढून ठेवले होते. आधी कुकर झाला, मग पहिली पोळी टम्म फुगली ती तव्यावरून थेट आत्याच्या पानात. वर तूप. शेजारी गरम भात, वरण, लिंबाची फोड. वाफ आत्याच्या चष्म्यावर बसली.

आत्या हात मांडीवर ठेवून बसून राहिली. "माका एकटीक गरम आणि सगळ्यांका शिळा? ही खंयची रीत?"

तेव्हा वहिनी फुटली. इतके महिने न बोललेलं सगळं एकदम बाहेर आलं, हातात लाटणं तसंच. "हीच रीत आहे आत्या ह्या घरातली! फक्त उलटी. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात पाणी प्यायला आत आले होते. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसला होतात. आमच्या पानात त्या दिवशी घावणे होते, तुम्हीच घातलेले. तुमच्या पानात परवाची पोळी पाण्यात भिजवलेली. म्हटलं, घावणे संपले असतील. मग रोज बघायला लागले. रोज तेच. माझी आई अशीच जेवायची. आम्ही गरम पोळ्या मागत राहिलो आणि ती उरलेलं संपवत राहिली. ती गेली तेव्हा मी आठवून बघितलं, तिच्या पानात मी कधी वाफ बघितली होती का. नाही आठवली मला. एकदाही नाही." ती थांबली, नाक ओढलं. "म्हणून टाकत होते मी. उरलंच नाही तर तुम्ही ताजं घ्याल असं वाटलं. तर तुम्ही भातच कमी लावायला लागलात आणि स्वतः पेज पिऊन उठायला लागलात! काय करायचं काय माणसानं?"

बाबा बहिणीकडे वळले. "बाय? खरं हे?"

"खरा म्हंजे..." आत्या पदराशी चाळा करत म्हणाली. "कोणीतरी खाऊक नको? टाकतलंव काय?"

बाबांनी तो चामड्याचा वडा उचलला आणि खायला लागले. चावताना त्यांची कानशिलं हलत होती. आईनं पोळी मोडली, ती कटकन मोडली. दादा भाताचा गोळा फोडत होता. मी अळूत बोट घातलं, आणि मला रडू यायला लागलं, ते त्या गार अळूमुळे नव्हे.

"तुम्ही खा ना आत्या," वहिनी हळूच म्हणाली. "गार होईल."

आत्यानं पोळीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, तोंडात घातला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तोंड भाजला," ती म्हणाली. सवय नव्हती ना तिला! दुसरा घास तिनं फुंकून घेतला, तिसराही. मग एकदम तिच्या डोक्यात काहीतरी पेटलं आणि तिनं मान वर केली. "पण काय गो भवाने, तेच्यासाठी डाळिंब्यो टाकलंस? माझ्यो सोललेल्यो डाळिंब्यो? तोंडान सांगूक काय झाला होता?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

आत्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "नाय," ती म्हणाली.

आधी आई हसली, मग सगळेच, बाबा तर वडा घशात अडकून खोकायला लागले. "काल ताजो होतो तेव्हा नाय खाल्लंस," आत्या त्यांच्या पाठीवर थापा मारत म्हणाली. आणि मग तिनं बाबांच्या पानातला उरलेला अर्धा वडा उचलून स्वतःच्या पानात घेतला, आणि आपल्या गरम पोळीचा अर्धा भाग त्यांच्या पानात टाकला. "माका एकटीक गरम नको आणि एकटीक शिळा पण नको. जा काय असात ता सगळ्यांच्या पानात. सारख्या. मान्य असात तर बोल." हे ती वहिनीला विचारत होती. वहिनीनं मान हलवली.

आता तुम्हाला वाटेल की आत्यानं ट्रंक परत माळ्यावर टाकली. छे! तिकीट काढलेलं होतं. "ता काय फुकट घालवू?" म्हणून ती दुपारी ठरल्याप्रमाणे गावाला गेलीच, आणि गौरी-गणपती झाल्यावर एक भलं मोठं तवसं काखेत मारून परत आली. तवसं म्हणजे आमच्याकडची पावसाळी काकडी. दारातच ते वहिनीच्या हातात ठेवून म्हणाली, "साल टाकू नको हां."

घरात मग नवा कायदा चालू झाला. उरलेलं दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पानात, पहिल्यांदा, सारखं वाटून. आणि ताजं त्यानंतर. आत्या आमच्याबरोबर जेवायला बसायची. भिंतीकडे नाही, आमच्याकडे तोंड करून, त्यामुळे कोण काय पानात टाकतं हे तिला दिसायला लागलं हा एक तोटा. पण गंमत अशी झाली की थोड्याच दिवसांत उरायचंच कमी झालं. बाबा आधी "असू देत चार पोळ्या जास्त" म्हणायचे, ते आता "नको गं, दोन पुरे" म्हणायला लागले, कारण ती जास्तीची पोळी उद्या आपल्यालाच भेटायला येणार हे त्यांना कळलं होतं. दादा डब्यातली भाजी संपवून यायला लागला. मी पानात वाढून घेताना चमचा आखडायला लागले. सभेतल्या त्या माइकवाल्या मुलीला मला हे सांगायचं होतं. साली वगैरे ठीक आहे गं बाई, पण आधी बघ, तुझ्या घरातलं शिळं कोण खातं. पण चहा-बिस्किटं आली आणि सभा संपली. बिस्किटं अर्धी उरली, ती मी पर्समध्ये घालून आणली.

मटारच्या साली मात्र सुटल्या नाहीत. उलट आता त्या सोलायला दोघी होतो, मी आणि वहिनी, आणि आत्या समोर बसून पापुद्रा राहिला का ते तपासणार. वहिनी शिकली सगळं. शिरांची चटणी तर ती आत्यापेक्षा बरी करायला लागली. हे मी आत्याच्या हयातीत कधी बोलले नाही, अजूनही दबक्या आवाजातच लिहिते आहे.

आत्या पुष्कळ जगली. शेवटी शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा माझंही लग्न झालेलं होतं, पण मी मुलुंडहून जाऊन येऊन असायचे. तिला मऊ भात तेवढा चालायचा. वहिनी तो दर वेळी नव्यानं लावायची, मुठीएवढा, वाफ येत असताना वाटीत घेऊन उशाशी बसायची आणि फुंकून फुंकून भरवायची. त्या दुपारी आत्यानं तीन-चार चमचे घेतले आणि तोंड फिरवलं. वहिनी थांबली, पुन्हा चमचा पुढे केला. आत्यानं वाटी हातानं हळूच दूर सारली.

"टाक गो आता ता," ती म्हणाली.

आत्याच्या तोंडून हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. वहिनीनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं वाटी मांडीवर घेतली आणि त्याच चमच्यानं, पलंगाच्या कडेवर बसून, आत्याच्या डोळ्यांसमोर, तो उरलेला भात खायला लागली. आत्या तिच्याकडे टक लावून बघत होती. मग तिच्या सुरकुतलेल्या गालावर ते जुनं, चिडवणारं हसू आलं.

"मीठ कमी असा ना?" तिनं विचारलं.

"कमी आहे," वहिनी म्हणाली, आणि वाटी बोटानं पुसून घेतली.